जागतिक दर्जाचं रुखवत

उंबरखळीत मालूकाकूंच्या पडवीत पाहुण्याला बसवत नाहीत. बसवतील कुठे? पडवीत थर्माकोलचा दुमजली बंगला आहे. बंगल्याच्या गच्चीवर करवंटीचं कासव आहे, कासवाच्या पाठीवर बांगड्यांचा मोर आहे, आणि मोराच्या आडोशाला सुपारीचे भटजी कधीपासूनचा एक होम घेऊन बसलेत. त्यातल्या एकाचं उपरणं झुरळांनी खाल्लं, तेव्हा काकूंनी त्याला सुनेच्या जुन्या ओढणीचा तुकडा पांघरला. आता बाकीचे भटजी पांढरे आणि एक गुलाबी आहे.

मालूकाकू रुखवत करतात. म्हसा गावापासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत कुठंही मुलीचं लग्न ठरलं, की मुलीची आई आधी काकूंकडे यायची आणि मग भटजींकडे जायची. रुखवत नुसतं मांडून भागत नाही, त्याच्यापाशी उभंही राहावं लागतं. मुलाकडच्या बायका येऊन रुखवताला नावं ठेवणार आणि मुलीकडच्यांनी ती तिथल्या तिथं परतवायची, अशी इकडची रीत. त्यामुळे काकू टेम्पोत रुखवताबरोबरच बसून जायच्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसून टेबलाशेजारी उभ्या राहायच्या.

"मोराची मान वाकडी हाय गो," नवरदेवाची आत्या म्हणायची.

"वाकडी नाय. नवरदेव आला का बघतोय. तुमचं वऱ्हाड दुपारपासून येतंयच ना," काकू म्हणायच्या.

नावं ठेवता ठेवता ज्यांचं तोंड आधी मिटेल तो पक्ष हरला. मालूकाकू कधी हरल्या नाहीत. काही घरांनी तर रुखवत दुसरीकडून आणून काकूंना नुसतं शेजारी उभं राहायला बोलावलं होतं.

पण गेले काही हंगाम ऑर्डर आली नव्हती. कल्याणहून रुखवत भाड्याने मिळायला लागलं होतं. लाइटवालं, फिरतं, संध्याकाळी घडी घालून परत जाणारं. नव्या मुलींना ते फोटोत बरं दिसतं. काकू म्हणायच्या, "भाड्याचं रुखवत म्हंजे भाड्याची सासू. लग्नापुरती गोड." हे ऐकून त्यांची सून जयश्री भाकरी जरा जोरात थापायची.

जयश्रीने मुरबाडला जाऊन पार्लरचा कोर्स केला होता. भुवया, फेशियल, नवरीचा मेकअप, सगळं शिकली होती. फिरती खुर्ची आणि माणसाएवढा आरसासुद्धा घेऊन झाला होता. फक्त जागा नव्हती, म्हणून दोन्ही गोठ्यात होतं. वासराला आरशात दुसरं वासरू दिसायचं आणि ते सकाळभर त्याला ढुशा द्यायचं.

"आई, पडवी मला द्या," जयश्री म्हणाली. "सगळं गाव भुवया करायला म्हशाला जातं. गावातच झाल्या तर नको का?"

"येतंय गिऱ्हाईक माझं," काकू म्हणाल्या.

"कधी? भटजींना दाढ्या फुटल्या."

काकूंचे यजमान भगीरथकाका ओट्यावर दोरी वळत बसले होते. दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या की ते दोरीकडे बघायचे. शेवटी काकूंनी स्वतःच मुदत घातली. म्हशाच्या जत्रेपर्यंत एक तरी ऑर्डर आली, तर पडवी रुखवताची आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही आली, तर पडवी पार्लरची. काकू शब्दाच्या पक्क्या. जयश्रीला ते ठाऊक होतं, म्हणून तिने लगेच भिंतीची मापं घेऊन ठेवली.

गावाबाहेरच्या माळावर त्या वर्षी एक कमान उभी राहिली होती. कमानीवर मोठ्या अक्षरांत 'जागतिक दर्जाचं शहर' असं लिहिलं होतं. कमानीच्या आत शहर नव्हतं. आत एक कारंजं होतं, ते रविवारी चालायचं, आणि एक काचेचं ऑफिस होतं. ऑफिसात पलंगाएवढ्या फळीवर होणाऱ्या शहराचा नमुना मांडला होता. टॉवर, झाडं, रस्ते, रस्त्यांवर नखाएवढ्या मोटारी. काकूंचा मुलगा आदेश तिथे वॉचमन होता. त्याचं म्हणणं, शहरात राखायला अजून तेवढंच होतं.

एका दुपारी ऑफिसची खिडकी उघडी राहिली आणि सिद्धगडाच्या जंगलातून उतरलेली वानरं आत शिरली. त्यांनी स्पंजाची झाडं आधी खाऊन बघितली. ती बेचव निघाली म्हणून रागाने टॉवर मोडले. एक वानर बराच वेळ क्लबहाउसवर बसून होतं. आदेश चहा पिऊन आला तेव्हा जागतिक दर्जाचं शहर कचऱ्याच्या पिशवीत भरण्याजोगं झालं होतं.

ऑफिस सांभाळणारा नितीन बदलापूरचा पोरगा. शर्ट नेहमी खोचलेला, कानात सतत फोन. रविवारी बिल्डर शेठ बस भरून गिऱ्हाइकं आणणार होते आणि मुंबईचे नमुनावाले पंधरा दिवसांखाली बोलत नव्हते. नितीन पायरीवर डोकं धरून बसला.

"साहेब, आमची आई करते असलं," आदेश म्हणाला. "थर्माकोलचं."

"आर्किटेक्ट आहे?"

"रुखवतवाली हाय."

संध्याकाळी उघडी फळी आणि मोडक्या टॉवरांचं पोतं घेऊन टेम्पो काकूंच्या दारात आला. नितीनने पडवीत डोकावून बघितलं. त्याला सुपारीचे भटजी दिसले. त्याचा धीर सुटला असावा, पण रविवार सुटत नव्हता.

"काकू, रविवारपर्यंत उभं करून द्याल?"

काकूंनी फळीला एक फेरी मारली. "कोणाच्या लग्नाचं?"

"लग्नाचं नाही काकू. शहर आहे. वर्ल्ड क्लास."

"म्हंजे मुलीकडचे मोठे लोक हायेत," काकू म्हणाल्या. "करते. पण एक करा. आत या नि माझ्या सुनेसमोर बोला, ऑर्डर म्हणून."

नितीन चुलीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मी काकूंना ऑर्डर देतोय." जयश्रीने मान न उचलता, "ऐकलं," म्हटलं. भिंतीच्या मापांचा कागद तिने चुलीत सारला.

फळीवर रस्ते तेवढे रंगवलेले शिल्लक होते. बाकी एक निळा डाग, एक मोठा हिरवा पट्टा आणि एका कोपऱ्यात पांढरं गोल, त्यात दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक आडवी. कशाला काय म्हणतात त्या चिठ्ठ्या वानरांनी नेल्या होत्या.

"निळं म्हंजे तळं," काकूंनी ठरवलं. "हिरवं म्हंजे भात. हा गोल काय असंल?"

"एच हाय तो," जयश्री म्हणाली. "हॉस्पिटल असंल."

"उघड्यावर हॉस्पिटल?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "जमीन गोल आखलीय, मध्ये लाकडं रोवलीत. खळं हाय ते. मळणीला बैल बांधायला आडवी दांडी घातलीय बघ."

भगीरथकाका उठून आले, त्यांनी गोल निरखला आणि मान डोलावली. "खळंच. पण दांडी जरा आखूड हाय."

"त्या नितीनला फोन करून विचारा तरी," जयश्री म्हणाली.

"रुखवत करताना कोणाला विचारीत नसतात गो. आधी विचारलं की नावं ठेवायला त्यांच्याकडं उरतं काय?"

काकूंनी टॉवर उभे केले. ते सोपं होतं, त्यांच्या बंगल्यावर पाच बंगले ठेवले की टॉवर व्हायचा. पण खिडक्यांना लावायचा रंग संपला. काकू रात्री जेवताना तेच तेच बोलत राहिल्या. जयश्रीने ऐकून घेतलं, भांडी घासली आणि मग आपली पार्लरची पेटी आणून फळीशी बसली. नेलपॉलिशने ती एकेक खिडकी रंगवायला लागली. तिचा हात काकूंपेक्षा बारीक चालायचा. काकूंनी ते बघितलं. पहिला टॉवर झाल्यावर त्यांनी दुसरा आपणहून तिच्यापुढे सरकवला.

"माणसंच नाय इथं," काकू म्हणाल्या. "एवढी घरं नि एक माणूस नाय. विहीर नाय, पार नाय. गावदेवी कुठं बसायची?"

"सोसायटीत देवी नसते, आई."

"राखील कोण मग? आदेश?"

ते मात्र जयश्रीला पटलं. गावदेवीचं देऊळ वेशीपाशी झालं. वडाला पार झाला. विहिरीवर चुंबळ घेतलेल्या बाया आल्या. खळ्यात मेढ उभी राहिली आणि तिच्याभोवती मातीचे बैल फिरले. भाताच्या बांधावर लोकरीची कोंबडी बसली. ती जुन्या रुखवतातली होती, त्यामुळे टॉवरच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होती. काकू मागे सरून बघत राहिल्या. काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं.

"मसणवट," त्या म्हणाल्या.

"रुखवतात मसणवट?" जयश्रीने ब्रश खाली ठेवला.

"रुखवत असतं तर नसती घातली. शहर हाय म्हणाला ना तो? मग माणसं मेल्यावर नेतात कुठं यांची? का जागतिक दर्जाची मरतच नाय?"

तळ्याच्या पलीकडे, वाऱ्याची दिशा बघून, काकूंनी पत्र्याची छोटी शेड केली. आणि सगळ्यात शेवटी, रुखवत म्हटलं की ती हवीतच म्हणून, शहराच्या मधोमध आपली जुनी नवरा-नवरी ठेवली. मुंडावळ्या बांधलेली, हात हातात घेतलेली. नवरी सगळ्यात उंच टॉवरपेक्षा चार बोटं वर होती.

रविवारी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून ऑफिसात फळीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. नमुना आदेशने चादर घालून आणला होता. नितीन सकाळपासून कारंज्याच्या मोटारीशी झटत होता, त्यामुळे त्याने आतलं काही बघितलेलं नव्हतं. बस आली. पन्नासेक माणसं उतरली, बहुतेक डोंबिवली-ठाण्याची. मागून गाडीतून शेठ उतरले. पांढरे बूट, कपाळावर गॉगल. नितीनने दोन वाक्यं इंग्रजीत बोलून चादर ओढली.

सगळे फळीभोवती जमले.

"ही कोंबडी कशाला?" शेठ हळूच म्हणाले.

सुरुवात झाली हे काकूंनी ओळखलं. मुलाकडचे बोलायला लागले. त्यांनी पदर खोचला.

"अंड्याला," त्या म्हणाल्या.

"आणि हेलिपॅडवर बैल?"

"मग मळणी काय तुमी करणार?"

शेठनी नितीनकडे बघितलं. नितीन भिंतीकडे बघत होता. "ही नवरी बिल्डिंगपेक्षा मोठी कशी, बाई?"

"नवरी बिल्डिंगपेक्षा बारकी दिसली तर लग्न कोणाचं म्हणायचं?"

दोन बायका हसल्या. एक निवृत्त गृहस्थ चष्मा पुसून पुढे आले. त्यांनी फळीवर वाकून सगळं नीट बघितलं आणि पत्र्याच्या शेडवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"मसणवट," काकू म्हणाल्या.

"अच्छा." गृहस्थ नितीनकडे वळले. "आमच्या टॉवरपासून किती लांब पडेल?"

नितीनला विक्रीचं जे शिकवलं होतं ते आपोआप तोंडातून आलं. "पाच मिनिटं सर. चालत."

"जाताना चालत नसतात हो," गृहस्थांच्या पत्नी म्हणाल्या.

शेठनी डोळे मिटून घेतले. पण गृहस्थांनी विषय सोडला नाही. सध्याच्या सोसायटीत कोणी गेलं की किती अडचण होते, स्मशानात रांग कशी लागते, पार्किंग कसं मिळत नाही, हे ते सांगायला लागले, आणि चार-पाच जण त्यांच्याभोवती जमले. एका बाईंना विहिरीला पाणी बारमाही आहे का ते हवं होतं. दुसरीला देवीची यात्रा कधी असते ते. एकाने भातशेतीकडे तोंड करून कोणते फ्लॅट आहेत ते विचारलं. 'हे सगळं करारात येईल ना?' असं एक वकील विचारायला लागले, तेव्हा शेठनी स्वतः सगळ्यांना ढोकळ्याच्या टेबलाकडे नेलं.

"कसं झालं?" आदेशने आईला विचारलं.

"दमले बिचारे," काकू म्हणाल्या. "पहिल्या तीन बोलांतच तोंड मिटलं."

त्या दिवशी बुकिंग किती झालं हे नितीनने कोणाला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी तोच टेम्पो तोच नमुना घेऊन काकूंच्या दारात उभा राहिला. मुंबईहून नवा येईपर्यंत ऑफिसात फळी नको, असं शेठनी सांगितलं होतं. आदेशने आणि टेम्पोवाल्याने शहर आडवं करून पडवीत घातलं. आता मोरालाही हलायला जागा राहिली नाही.

"ऑर्डर परत आली," जयश्री म्हणाली.

"आली तर आली. झाली ना एकदा?"

"परत आलेली ऑर्डर धरायची नाय."

"परत आलेली धरीत नसतील," काकू तांदूळ निवडत म्हणाल्या, "तर मागल्या वर्षी टीव्हीवरून रुसून किन्हवलीला माहेरी गेलती ती जत्रेनंतर परत आली, तिला पण धरायला नको होतं."

जयश्रीने सूप आपटलं. दोन दिवस दोघी आदेशच्या मार्फत बोलल्या. "अहो, आईंना सांगा भाजीत मीठ नाय." "आदेश, तिला सांग मीठ तिच्यासमोर हाय." भगीरथकाकांना निवाडा द्यायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, मला दोरी म्हशाच्या बाजारात न्यायची हाय.

जत्रेच्या आदल्या दिवशी नितीन पुन्हा दारात आला. शर्ट सुटलेला होता.

"काकू, शहर परत पाहिजे. त्या दिवशीचे लोक फोन करतायत. देऊळ कुठंय, विहीर कुठंय, कोंबडीवाला नमुना पुन्हा बघायचाय म्हणतात. शेठ हो म्हणालेत." तो घुटमळला. "थोडे बदल आहेत फक्त. स्मशान काढायचं. खळं काढून तिथं हेलिपॅड दाखवायचं. बाकी देऊळ राहू दे, देऊळ चालतंय."

जयश्री पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिला कळलं, आणि काकूंनाही कळलं. दोन वस्तू उचलून बाजूला ठेवल्या की ऑर्डर पक्की आणि पडवी कायमची रुखवताची.

काकूंनी फळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मांडलेल्या रुखवतातलं काढीत नसतात. भर घालायची तेवढी घालायची. काढलं तर मुलीच्या संसारातलं काढलं म्हणतात."

"काकू, मुलगी नाहीच आहे यात."

"मग ती मध्ये कोण उभी हाय?"

नितीनने कपाळ चोळलं. "बरं, निदान खिडक्या तरी निळ्या करून द्या. शेठ म्हणतात, लाल रंग स्वस्तातला दिसतो."

तांब्या ओट्यावर टेकला. "लाल नाय, मरून हाय ते," जयश्री म्हणाली. "आणि स्वस्तातलं नाय. नवरीच्या नखांचं हाय. निळ्या खिडक्या करून काय, बिल्डिंगला कोणी मारलंय असं दाखवायचंय? तुमच्या शेठना सांगा, आधी आपल्या पांढऱ्या बुटांचा चिखल पुसा, मग आमच्या खिडक्यांना नावं ठेवा."

काकूंनी सुनेकडे मान वळवून बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं एवढं लांब बोलणं ऐकलं होतं, पण आपल्या बाजूने नव्हे.

नितीन पाणी पिऊन शहर न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव जत्रेला गेलं. जयश्री आणि आदेश गेले, भगीरथकाका दोरी घेऊन गेले. काकू म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात. संध्याकाळी जयश्री बांगड्या आणि खाजा घेऊन आली, तर पडवी मोकळी केलेली. जमीन सारवलेली होती, अजून ओली होती. कासव, मोर, बंगला, सगळं गोठ्याच्या माळ्यावर गेलं होतं. फिरती खुर्ची पुसून भिंतीशी ठेवलेली होती आणि आरसा खिळ्यावर चढवलेला होता, जरासा तिरका. शहराची फळी एकटीला उचलवली नव्हती, म्हणून ती तेवढी मध्येच होती.

"जत्रा झाली," काकू ओट्यावरून म्हणाल्या. "ऑर्डर नाय. फळी आदेश आला की काढा."

जयश्री आत गेली. तिने आरसा सरळ केला. खुर्चीवर बसून बघितलं. मग बाहेर येऊन काकूंच्या शेजारी बसली आणि खाजा पुढे केला.

"फळी राहू दे," ती म्हणाली.

"पार्लरात मसणवट कशाला?"

"गिऱ्हाईक थांबल्यावर बघंल काय? भिंत?" ती म्हणाली. "आणि त्यात माझी एक बाटली अख्खी गेलीय. गोठ्यात नाय न्यायची."

काकूंनी खाजा मोडून तोंडात टाकला. गोड जास्त झाला होता, त्या म्हणाल्या. दरसाल म्हणतात.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून शेजारच्या वाडीवरची सावळी नावाची पोरगी आली, भुवयांना. दोऱ्याने डोळ्यांत पाणी येऊनही तिची नजर फळीवरच होती. पण खुर्ची वळेना. जयश्रीने दोनदा फिरवली, दोनदा खुर्चीची पाठ गावदेवीच्या देवळाला अडली.

"आई, जरा या," तिने हाक मारली. "शहर सरकवायचं हाय."

"किती?"

"हातभर. मसणवटीच्या बाजूने धरा तुमी."

दोघींनी दोन टोकं धरून शहर हातभर भिंतीकडे ढकललं. नवरी थोडी डुलली, पडली नाही. मग जयश्रीने पायाने खुर्ची ढकलून बघितली, आणि ती सावळीसकट गर्रकन फिरली.